पाहुण्यांना सराउंड ऐकवायचा तर कुठला सिनेमा लावायचा: आमच्या ५.१ सेटचा एका वर्षाचा रिव्ह्यू

सगळ्यात आधी कबुली. होम थिएटर घेतल्यावर पहिले तीन महिने मी घरी येईल त्याला सोफ्याच्या बरोब्बर मधल्या जागेवर बसवून "आता ऐक हां, मागून येणार" असं करत होतो, आणि त्या तीन महिन्यांत आमच्या घरात सराउंड साऊंड, म्हणजे चारी बाजूंनी वेगवेगळा आवाज, नावाची गोष्ट चालूच नव्हती. लोकांनी वाहवा केली, चहा घेतला, फरसाण संपवलं आणि घरी गेले. एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी म्हणजे दर वर्षी इफ्फीचा, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास गळ्यात अडकवून पणजीच्या आयनॉक्सच्या रांगेत उभा राहणारा माणूस, इफ्फी २००४ ला गोव्यात आला तेव्हापासूनचा, म्हणजे चांगला आवाज कशाला म्हणतात ते निदान आपल्या कानाला तरी माहीत आहे असा माझा समज होता.

त्यामुळे हा रिव्ह्यू जरा उलटा आहे. सेटबद्दल लिहितोच, पण खरं लिहायचंय ते सिनेमांबद्दल, कारण सेट बरा की वाईट ते सिनेमा लावल्यावरच कळतं आणि चुकीचा सिनेमा लावला तर काहीच कळत नाही, नुसता मोठा आवाज कळतो.

सेट साधा आहे, ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) वेगळा, पुढे दोन मध्यम स्पीकर, टीव्हीखाली सेंटर म्हणजे मधला, मागे दोन छोटे आणि एक दहा इंची सबवूफर, खोल आवाजासाठी. सगळं मिळून सत्तर हजारांच्या आत बसलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की माणसं ब्रँडवरून भांडायला लागतात आणि मूळ विषय राहतो बाजूला. घर डिचोलीला, जुनं, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, खाली गुळगुळीत लाल सिमेंटची जमीन. दिसायला झकास, आवाजाला वैरी. हॉलमध्ये टाळी वाजवली की दुसरी टाळी भिंत वाजवते. सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचं एक कपाट एवढं आत आल्यावर तो घुमारा बराच कमी झाला, आणि पैशाच्या हिशेबात ही सगळ्यात स्वस्त सुधारणा ठरली, कारण सतरंजी आजीची होती.

आता दुकानाचं. नाव नाही घेत. डेमो रूममध्ये एसी, खाली कार्पेट, भिंतींना फोम, आणि त्या पोऱ्याने एक ढगांच्या गडगडाटाची क्लिप लावली, मग हेलिकॉप्टर, मग काच फुटते, मी गार. कुठल्याही सेटवर ती क्लिप भारीच वाटणार, ती त्यासाठीच बनवलेली असते. शिवाय दोन सेट एकापाठोपाठ ऐकवले तेव्हा महागड्याचा आवाज थोडा वर ठेवला होता हे मला घरी आल्यावर सुचलं. आपल्या कानाची ही जुनी खोड आहे, जे मोठं ते चांगलं वाटतं. दोन सेट तुलना करायचे तर आधी दोघांचा आवाज सारखा करायला लावा, मोबाईलवर फुकटातलं डेसिबल मोजायचं ॲप चालतं त्यासाठी. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

मग घरी येऊन जोडणी. पोरगा आला, वायरी टाकल्या, रिमोटवरचं एक बटण दाबलं आणि म्हणाला झालं साहेब, पाचही चालू. पाचही चालू होते हे खरंच. त्याने लावून दिलेला मोड होता 'ऑल चॅनल स्टिरिओ', म्हणजे पुढून येतं तेच गाणं मागूनही. घरी पार्टी असली, लोक सगळीकडे उभे असले की हा मोड बरा. सिनेमासाठी बिनकामाचा. त्यावर कडी म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट 'पीसीएम' वर होतं, त्यामुळे ॲपमधून आलेल्या ५.१ आवाजाचे टीव्ही आधी दोन चॅनल करायचा आणि ते दोन रिसीव्हरला पाठवायचा आणि रिसीव्हर तेच दोन पाच ठिकाणी वाजवायचा. हा दुसरा दोष दुकानाचा नाही, माझा. मॅन्युअल वाचलं नाही.

पकडलं कोणी तर माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने. 'जुरासिक पार्क' लावला होता, टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर येतो तो सीन, भाचा सोफ्यावर न बसता खाली जमिनीवर, मागच्या डाव्या स्पीकरला पाठ लावून बसलेला. गाडीतली मुलगी किंचाळायला लागली तसा तो वळून स्पीकरकडे बघतो आणि मला म्हणतो, "मामा, फाटल्यानूय तेंच चेडूं आरडटा मरे." मागून पण तीच मुलगी ओरडतेय. मी म्हणलं हो रे सराउंड आहे. तो म्हणतो पण ती तर समोर आहे ना.

बरोबरच होतं त्याचं. समोरचा माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज जवळजवळ सगळा सेंटर स्पीकरमधून यायला हवा, मागून नाही. मी त्या रात्री एक वाजेपर्यंत बसून सेटिंग उकरली. टीव्हीत 'पीसीएम' काढून 'पास थ्रू' केलं, म्हणजे आवाज आहे तसा पुढे जाऊ दिला, रिसीव्हरवरचा मोड बदलला, तेव्हा कुठे त्याच्या डिस्प्लेवर पहिल्यांदा 'डॉल्बी डिजिटल प्लस' अशी अक्षरं उमटली. तुमच्या घरी सेट असेल तर आत्ता उठून ती अक्षरं बघून या, मी थांबतो. तिथे नुसतं 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' दिसत असेल तर तुमची गत माझ्यासारखीच. ॲपमध्येसुद्धा भाषा निवडताना बघा, कितीदा इंग्रजीचा ट्रॅक ५.१ असतो आणि हिंदी डब नुसता दोन चॅनलचा.

आणि मग गंमत झाली. सगळं बरोबर लावल्यावर मागचे स्पीकर जवळजवळ गप्प झाले. आई म्हणाली आता आवाज कमी येतो, दुकानात परत दे. मला पण दोन दिवस तसंच वाटलं. खरा सराउंड असाच असतो हे कळायला वेळ लागला, मागचे स्पीकर बराच वेळ काही बोलत नाहीत, कुठे थोडा वारा, कुठे लांबचं कुत्रं, आणि एकदम गरज पडली की बोलतात. तेव्हापासून माझा एक नियम झालाय. पाहुण्यांना दाखवायला मी असाच सीन लावतो जो सेटमध्ये काही गडबड असेल तर लगेच उघडा पडेल. जो सीन चुकीच्या सेटिंगवरही भारी वाटतो तो दाखवून काय उपयोग, तो तर मी तीन महिने दाखवलाच.

'जुरासिक पार्क'च आधी घेऊ. १९९३ चा सिनेमा, डीटीएस नावाचा डिजिटल आवाज थिएटरात पहिल्यांदा आला तो याच सिनेमाबरोबर, आवाज फिल्मवर नव्हताच, वेगळ्या सीडींवर होता आणि फिल्मवरच्या टाइमकोडने त्या सीडी बरोबर पळवायच्या. ध्वनीचे दोन्ही ऑस्कर याला मिळाले. लोक डरकाळी ऐकवायला लावतात, मी डरकाळीच्या आधीचा भाग लावतो. पाऊस पडतोय, गाड्या बंद पडल्यात, डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठतात. ती वर्तुळं शूटिंगच्या वेळी डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून ती छेडून काढली होती म्हणे, म्हणजे दिसणारं कंपन गिटारचं आणि ऐकू येणारं सबवूफरचं. इथे सब नीट लागलेला असेल तर पावलाचा आवाज कुठून आला ते सांगता येत नाही, पोटात येतो. नीट नसेल तर टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात कोणीतरी पिंप बडवतंय असं वाटतं. आमच्याकडे पहिल्यांदा पिंपच होतं.

सबची जागा शोधायची एक पद्धत आहे, ती करताना घरात कोणी नसलेलं बरं. सब उचलून सोफ्यावर ठेवायचा, जिथे आपण बसतो बरोबर तिथे. मग बासचं एक गाणं सारखं सारखं लावून ठेवायचं आणि आपण गुडघ्यांवर, कान जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीच्या कडेकडेने हॉलभर रांगत जायचं. जिथे बास स्वच्छ आणि भरीव ऐकू येतो तिथे सब ठेवायचा. खोलीत लांब लहरी भिंतींवर आपटून कुठे दुप्पट होतात कुठे एकमेकींना मारतात, आणि तुम्ही आणि सब यांची जागा अदलाबदल केली तरी हिशेब तोच राहतो, म्हणून हे जमतं. मी पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोचलो होतो, नाक जवळजवळ जमिनीला, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. सोफ्यावर काळा खोका ऐटीत बसलेला आणि मुलगा खाली. दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "कितें शेणलां रे?" काय हरवलं. काय सांगणार, बास हरवलाय.

शेवटी जागा मिळाली ती खिडकीखाली, कोपऱ्यापासून दीड हात बाहेर. आता टी-रेक्सचं पाऊल पडलं की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे डबे वाजतात, रव्याचा जास्त, कारण तो कायम अर्धा असतो. झाकणांखाली कापडाच्या घड्या घातल्या तेव्हा थांबलं. डबे वाजतायत तोपर्यंत सेट कसा आहे ते ठरवू नका, तुम्ही डबे ऐकताय.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' बद्दल माझं मत ऐकून मित्र चिडतात. २०१५ चा, आवाजाचे दोन्ही ऑस्कर, मिक्सिंग अफाट, ट्रकवर ढोल आणि पुढे आग ओकणारी गिटार, कॅमेरा जवळ गेला की गिटार जवळ येते, मागे पडला की मागे जाते. सिनेमा म्हणून मला फार आवडतो. पण पाहुण्यांना पहिला म्हणून लावू नका. पाचही बाजूंनी एवढं काही चालू असतं की ऐकणाऱ्याला कुठे कान द्यावा कळत नाही, दहा मिनिटांत तो दमतो आणि "भारी आहे" म्हणून मोबाईल काढतो. बंद पडलेला मागचा स्पीकरही या गदारोळात खपून जातो. कान तयार झाल्यावर शेवटी लावायचा हा. जास्त तिखट पहिल्या घासालाच घातलं की पुढच्या कशाचीच चव लागत नाही, तसं.

पहिला लावायचा तर माझ्या मते 'मास्टर अँड कमांडर', २००३ चा, पीटर वियरचा. याच्यासारखा डेमो मला अजून मिळालेला नाही. साल १८०५, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात एक इंग्रज लढाऊ गलबत, पहाट, धुकं. सुरुवातीची कितीतरी मिनिटं काहीच घडत नाही. लाकूड करकरतं, दोर ताणतात, पाणी फळ्यांवर चुबुकचुबुक लागतं, घंटा होते, माणसं झोपलीत. आणि मग धुक्यात लांब नारिंगी उजेड लुकलुकतो, आवाज नाही, फक्त उजेड, आणि मग तोफगोळे येतात आणि आपल्या मागची भिंत फुटते. ध्वनी संपादनाचा ऑस्कर मिळालाय याला तो उगाच नाही.

हा मी आमच्या शेजारच्या काकांना दाखवला. काका जुने तारवटी, पस्तीस वर्षं बोटीवर काढली, आता बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून पेपर वाचतात. हल्ल्याला ते दचकले, ते सगळेच दचकतात. पण हल्ला संपल्यावर मला म्हणाले मागे घे रे, ते आधीचं शांत लाव. परत लावलं. डोळे मिटून ऐकत बसले. मग म्हणाले आमच्या बोटी लोखंडी, खाली चोवीस तास इंजिन, असं लाकूड आम्ही कधी ऐकलं नाही, पण वर डेकवर कोण चालतंय ते खाली बंकवर पडून पावलावरून कळायचं, कॅप्टन टाच घासत चालायचा. आणि बोट वर करून छताकडे दाखवलं, असा, इथून तिथे. माझ्याकडे छतात एकही स्पीकर नाही. ५.१ आहे नुसता. गलबताच्या खालच्या मजल्यातले सीन आहेत त्या सिनेमात, वर पावलं वाजतात, आणि काकांच्या डोक्याने ती पावलं छतात नेऊन ठेवली. सेटचं याहून मोठं सर्टिफिकेट मला नको.

छतावरून आठवलं, 'अपोकॅलिप्स नाऊ'. १९७९ चा. आज आपण ज्याला ५.१ म्हणतो त्याचं मूळ म्हणून याच्या ७० एमएम प्रिंटकडे बोट दाखवतात, मागच्या बाजूला डावा आणि उजवा असा वेगवेगळा आवाज द्यायचा म्हणून वॉल्टर मर्चने हा सगळा खटाटोप केला आणि 'साऊंड डिझायनर' असं श्रेय पडद्यावर यायला सुरुवात झाली तीही त्याच्यापासून. तुम्हाला लागतात फक्त पहिली दोन-तीन मिनिटं. माडाची झाडं, हेलिकॉप्टरचा तो भुताटकी फट-फट-फट आवाज खोलीभर गोल फिरतो, मागून डावीकडे, मग पुढे, मग परत मागे, आणि हळूहळू तो हॉटेलच्या खोलीतला छताचा पंखा होतो. आता आमच्याकडे हॉलमध्ये जुना पंखा, त्याची स्वतःची एक कट-कट आहे. मावसभावाला हा सीन लावला, पंखा पडद्यावर आला आणि तो मान वर करून आमच्या पंख्याकडे बघायला लागला. मग उठून पंखा बंद केला. मग परत बघितलं, आवाज चालूच. हसू आवरेना मला. मागचे दोन स्पीकर एका पातळीवर नसतील तर मात्र हेलिकॉप्टर फिरता फिरता एका बाजूला चक्क गायब होतं, तेव्हा समजायचं मोजमाप करायला हवं. रिसीव्हरबरोबर छोटा माईक येतो ना, तो सोफ्यावर ठेवून ऑटो सेटिंग चालवायचं, घरातले सगळे गप्प बसवून, कुकर बंद करून. आमचा पहिला प्रयत्न पोदेराच्या (पाववाल्याच्या) हॉर्नने गेला.

मागचे स्पीकर ठेवायचे कुठे तर कानाच्या रेषेत किंवा थोडे वर, सरळ पाठीमागे नाही तर बाजूला जरा मागे, समोरून मोजलं तर ११० ते १२० अंश. बहुतेक घरांत ते शोकेसवर, देवघरावर, जिथे जागा मिळेल तिथे चढवलेले असतात, एक टीव्हीकडे बघतोय एक तुळशीकडे.

'ग्रॅव्हिटी' हा जाणकारांना लावायचा. २०१३, दोन्ही ध्वनी ऑस्कर. यात संवाद सेंटरमध्ये गप्प बसत नाहीत, माणूस अंतराळात जिकडे तरंगत जाईल तिकडे त्याचा आवाज जातो, तुमच्या मागे गेला तर मागून बोलतो. मघाशी म्हणलं संवाद मागून यायला नको, हा त्याला अपवाद आणि म्हणूनच उपयोगी, कारण पुढचे स्पीकर एका कंपनीचे आणि मागचे भलत्याच असले की तोच माणूस मागे गेल्यावर त्याला सर्दी झाल्यासारखा बोलतो. लगेच पकडता येतं. शिवाय अंतराळात आवाज नाही हे त्यांनी पाळलंय, मोठमोठी यानं फुटतात आणि आपल्याला ऐकू येतं फक्त हातमोज्यातून अंगात आलेलं कंपन. आतेभाऊ विचारतो आवाज गेला काय रे. नाही रे बाबा.

'ड्यून' २०२१ चा सबसाठी ठीक, डब्यांच्या घड्या परत तपासाव्या लागतात. 'इंटरस्टेलर' दाखवू नका, त्यात काही ठिकाणी संगीताखाली बोलणं ऐकू येत नाही, २०१४ मध्ये थिएटरातही लोकांची तीच तक्रार होती, आणि पाहुण्याला वाटतं तुमचा सेंटर खराब आहे.

'रोमा'. हा दाखवताना जीव घाबरतो कारण ब्लॅक अँड व्हाइट, स्पॅनिश, पार्श्वसंगीत अजिबात नाही, आणि पाच मिनिटांत लोक विचारतात काही होणार आहे का. पण माझ्या एकट्याचा हा सगळ्यात आवडता. रस्त्यावरचा फेरीवाला डावीकडून येतो, घरामागून जातो, लांब विरतो, कॅमेरा वळला की त्याच्याबरोबर आख्खं गाव वळतं. आणि शेवटाकडे समुद्राचा सीन, जिला पोहता येत नाही ती बाई पोरांसाठी लाटांत शिरते आणि कॅमेरा तिच्या बाजूने चालत जातो. लाट आधी समोर, मग कानाला, मग डोक्यामागे फुटते. जूनमधला मोरजीचा समुद्र ज्याने ऐकलाय, नुसता किनाऱ्यावर उभा राहून, त्याला वेगळं सांगायला नको. बहीण त्या सीनला पाय वर घेऊन बसली, आपण सोफ्यावर आहोत हे माहीत असून.

फक्त हे स्ट्रीमिंगवर बघताना पावसाळ्यात एक लक्षात ठेवा. नेटफ्लिक्सवर ५.१ आवाज जास्तीत जास्त ६४० केबीपीएसने येतो, ब्ल्यू-रे डिस्कवरचा लॉसलेस (काहीही न गाळलेला) ट्रॅक याच्या कित्येक पट, आणि नेट ढेपाळलं की ॲप चित्राबरोबर आवाजाचाही दर्जा खाली आणतं, न सांगता. आमच्याकडे जुलैत वारा सुटला की नेट ढेपाळतं. डिस्क असतील तर त्या काढा, पण बंद कपाटात ठेवू नका, माझ्या दोन डिस्कच्या कव्हरांना बुरशी आली होती, पुसून चालल्या नशिबाने.

आता आपल्याकडचं. 'तुंबाड' २०१८ चा, आणि पावसावर सेट तपासायला याच्याइतका सिनेमा नाही, कारण जवळजवळ अख्ख्या सिनेमात पाऊस आहे आणि तो दर वेळी वेगळा आहे, चिखलावरचा, दगडावरचा, वाड्याच्या पागोळ्यांचा. खराब सेटवर पाऊस म्हणजे नुसती सर्रर्र, जुन्या टीव्हीचं चॅनल गेल्यासारखी. बऱ्या सेटवर थेंब वेगळे होतात. मी हा हौसेने जुलैमध्ये लावला आणि सगळं मुसळ केरात, कारण आमच्या कौलांवर खराखुरा पाऊस, त्याच्यापुढे कुठलाही सबवूफर उभा राहत नाही. आवाज वाढवत गेलो, पाऊस पण वाढवत गेला. मग लाईट गेली. पावसाचे सिनेमे मार्चमध्ये दाखवा, आणि स्टॅबिलायझर घ्या.

बाबांना यातलं काही पटत नाही. त्यांच्यासाठी लावला 'कट्यार काळजात घुसली', २०१५ चा. मूळ नाटक १९६७ चं, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, म्हणजे आमच्या मंगेशीचे, आणि बाबांनी तरुणपणी वसंतरावांना स्टेजवर ऐकलंय, त्यामुळे सिनेमाबद्दल त्यांचं तोंड आधीच थोडं वाकडं. पहिली दहा मिनिटं ऐकून म्हणाले हे मागचे दोन बंद कर. मी म्हणलं बाबा सराउंड आहे. म्हणाले गवई माझ्या पाठीमागे कधी बसला होता? बंद केले. पुढचे दोनच ठेवले, स्टिरिओ. आणि खोटं कशाला बोलू, आवाज सुंदर लागला, तानेतला दाणा न दाणा मोकळा, तंबोरा मागे पसरलेला. तेव्हापासून गाण्याला रिसीव्हर स्टिरिओवर आणि सिनेमाला ५.१ वर, दोन वेगळी बटणं करून ठेवलीत, बाबांच्या बटणावर लाल टिकली चिकटवलीय.

सेटच्या तक्रारी म्हणाल तर रिमोट फारच छोट्या अक्षरांचा, रिसीव्हर तापतो त्यामुळे वर डोयली (विणलेला रुमाल) घालता येत नाही आणि हे आईला मान्य नाही, आणि मागच्या स्पीकरच्या वायरी दारावरून फिरवून नेल्यात त्या दिसतात. सेंटर बरा आहे, फार बरा नाही, कुजबुजीला जरा कमी पडतो. रात्री अकरानंतर 'नाईट मोड' लावतो, मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणतो तो, त्यात मजा जाते पण शेजारधर्म राहतो. पैसे वसूल? हो. पाचपैकी चार. तो एक स्टार माझ्याच तीन महिन्यांचा कापलाय खरं तर.

आता डोक्यात आलंय की वर दोन स्पीकर टाकावे, ५.१.२ करावं, काकांची पावलं खरोखरच वरून आणावी. अडचण अशी की आम्हाला सिलिंग नाही, वासे आणि कौलं. आणि टीव्हीच्या पुढे जिथे स्पीकर यायला हवा तिथेच वाशाला माटोळीची चौकट टांगतो आम्ही चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नारळ, सुपारी, आंबाडे, तवशी सगळं त्यालाच. गेल्या चवथीला दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याने कोणाला न विचारता टी-रेक्स लावला होता आणि एक आंबाडा थेट आरतीच्या ताटात येऊन पडला. मेस्त (सुतार) येऊन बघून गेला, टेपने मापं घेतली, मान हलवली. चवथ झाली की करून देतो म्हणालाय, कुठल्या वर्षाची ते मी विचारायला विसरलो.